मोठ्या कुत्र्यासाठी चामड्याचा दणकट पट्टा घरी कसा करावा?

मोत्याचा_माणूस

मंडळी, आमच्या मोत्याचं वजन ४२ किलो, मान ५६ सेंटीमीटर आणि मांजर दिसली की अक्कल शून्य. विकतचे पट्टे टिकत नाहीत. नायलॉनच्या पट्ट्याची प्लास्टिकची चाप तुटते. 'अस्सल चामडं' असा शिक्का असलेला घेतला तर कडीपाशी उसवला आणि आतून पुठ्ठ्यासारखं काहीतरी बाहेर आलं. आता घरीच करायचं डोक्यात आहे. सुतारकामाचा हात बरा आहे, चामड्याला मात्र कधी हात लावलेला नाही. घरात शिलाई मशीन आहे.

विचारायचंय ते असं: चामडं कुठलं आणि किती जाड? एकेरी पट्टा पुरेल की दोन थर चिकटवून शिवायचे? आणि शिवण भरवशाची की रिव्हेट? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा.

लोणकढी

आधी मांजरीचा बंदोबस्त करा, पट्टा आपोआप टिकेल. (जागा धरून ठेवतोय, धागा उपयोगी होणार असं दिसतंय.)

आरीमेण

शिलाई मशीन झाकून ठेवा, तिचा इथे काही उपयोग नाही. कपड्याच्या मशीनची सुई ४ मिलिमीटर चामड्यात एक तर मोडेल, नाही तर टाके सोडत जाईल. समजा गेलीच, तरी मशीनचा टाका दोन दोऱ्यांच्या एकमेकांत अडकण्यावर उभा असतो. एक दोरा घासून तुटला की पुढचे टाके निसटायला लागतात. हाताने दोन सुयांनी घातलेल्या टाक्यात प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे आरपार जातात. एक तुटला तरी दुसरा धरून असतो. घोड्याची खोगिरं अशीच शिवतात.

आता चामडं. झाडाच्या सालीच्या कसाने कमावलेलं घ्या, दुकानात 'व्हेज टॅन' म्हणून मागा. क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं) चामडं मऊ असतं, पाण्याला बरं टिकतं, पण ताणतं आणि त्याच्या कडा घासून गुळगुळीत होत नाहीत. ओळखायची युक्ती म्हणजे कापलेली कड बघायची. मध्ये निळसर-करडी रेघ दिसली तर क्रोम. व्हेज टॅन आतपर्यंत एकाच बदामी रंगाचं असतं, आणि रंगवलेलं असलं तरी पोटात तो बदामी सापडतो. शंका आली तर चिमूटभर तुकडा जाळून बघा. क्रोमची राख हिरवट पडते.

जाडी ४ मिलिमीटर, एकेरी. साडेतीनच्या खाली उतरू नका. आणि तुकडा पाठीचा घ्या, पोटाचा नको. पोटाकडचं चामडं सैल विणीचं असतं, वर्षभरात पट्टा एक भोक लांब होतो आणि मध्येच लाटा येतात. पट्टी कण्याला समांतर कापा, त्या दिशेला चामडं कमी ताणतं. दुकानदार तयार पट्ट्या देत असेल तर दोन्ही टोकं हातात घेऊन वाकवून बघा. एक टोक कडक आणि दुसरं लुळं लागलं तर ती पट्टी पोटापर्यंत गेलेली आहे.

रुंदी ३८ मिलिमीटर. रुंद पट्टा म्हणजे मजबूत पट्टा असा समज आहे, तो अर्धाच खरा आहे. तुटतो तो बहुतेक वेळा पट्टा नव्हेच, तुटतं ते लोखंडकाम. त्यावर रात्री लिहितो.

शीळ

आरीमेण यांचं पुढचं येईपर्यंत मापाचं सांगते. मी कुत्र्यांना शिकवण्याचं काम करते, पट्टे रोज हाताळते.

टेप जिथे पट्टा बसणार तिथे लावा, म्हणजे मानेच्या मध्याच्या जरा वर. टेपखाली दोन बोटं आडवी सरकली पाहिजेत. केसाळ कुत्रा असेल तर केस दाबून मोजा, नाहीतर आंघोळीच्या दिवशी पट्टा डोक्यावरून निघतो. ग्रेहाउंडसारख्या जातींचं डोकं मानेपेक्षा अरुंद असतं. त्यांना साधा बकलाचा पट्टा कितीही मजबूत केला तरी मागे सरकून ते त्यातून बाहेर येतात. त्यांना ओढल्यावर थोडा आवळणारा, पण ठरावीक मापाच्या पुढे न आवळणारा पट्टा लागतो.

मोत्या किती वर्षांचा आहे? मोठ्या जाती दीड-दोन वर्षांपर्यंत भरत राहतात. त्याआधी चामड्यावर मेहनत करू नका.

आणि एक स्पष्टच सांगते. तो फिरताना सतत ओढत असेल तर दोरी छातीच्या पट्ट्याला लावा. श्वासनलिका गळ्याच्या पुढच्या बाजूला वरवरच असते. पट्टा तुटला नाही म्हणजे कुत्र्याला त्रास झाला नाही असं होत नाही.

मोत्याचा_माणूस

शीळताई, धन्यवाद. चार वर्षांचा आहे, वाढ झालेली आहे. सतत ओढत नाही, पण झेप घेतो तेव्हा खांदा निखळेल असं वाटतं. छातीचा पट्टाही घेतोच. माप दोन बोटं धरूनच ५६ आहे.

उभा_आडवा

झेपेचा हिशोब करून बघितला. ४२ किलोचा कुत्रा सेकंदाला ५ मीटर वेगाने, म्हणजे ताशी १८ किलोमीटरने धावतोय आणि दोरी संपल्यावर ३० सेंटीमीटरमध्ये थांबतोय. सरासरी बल येतं १७५० न्यूटन, म्हणजे पावणेदोनशे किलो वजन टांगल्यासारखं. दोरी न ताणणारी असेल आणि थांबायचं अंतर निम्मं झालं तर बल दुप्पट. खांद्याचं कारण कळलं का?

पण घाबरू नका. ही ओढ कडीच्या दोन्ही बाजूंना वाटली जाते, पट्ट्याच्या एकेका बाजूला साधारण निम्मी. ३८ गुणिले ४ म्हणजे १५२ चौरस मिलिमीटर चामडं. चांगल्या पाठीच्या चामड्याला दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन धरायला हरकत नाही, म्हणजे तीन हजारांच्या वर. पट्ट्यावर येतात नऊशेच्या आत. त्यामुळे आरीमेण म्हणतात ते आकड्यांतही बसतं. सलग चामड्याला भीती नाही, भीती भोकांना, घड्यांना आणि धातूला. दुहेरी थराने यातलं काहीच सुधारत नाही.

आरीमेण

उभा_आडवा यांनी माझं काम हलकं केलं.

लोखंडकाम म्हणालो खरं, पण लोखंड घेऊच नका. भरीव पितळ किंवा स्टेनलेस. बाजारात चकाकणारी बकलं जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची असतात. ती वाकत नाहीत, सरळ खटकन तुटतात. हातात घेतली की वजनाला हलकी लागतात, आणि काडीच्या (बकलाची भोकात जाणारी दांडी) मुळाशी ओतकामाची शिवण दिसते. चुंबक सगळंच सांगत नाही, कारण पितळालाही चिकटत नाही आणि जस्तालाही नाही. बकल पितळी दिसत असेल तर कानशीने आतल्या बाजूला एक ओरखडा काढा. आतून पिवळं निघालं तर पितळ, करडं निघालं तर ठेवा परत.

डी-कडी (दोरी अडकवायची, इंग्रजी डी अक्षरासारखी कडी) सांधा जोडलेली हवी. तार वाकवून टोकं नुसती भिडवलेली कडी झेपेला उघडते. जोडाची जागा सरळ दांड्यावर असते, तिथे नखाने चाचपून बघा. फट लागली की नको.

आता मुख्य गोष्ट. चामडं बकलातून दुमडून घ्यायचं ते आतल्या बाजूला, मानेकडे. बरेच जण बाहेर दुमडतात, कारण आत गाठ येईल अशी भीती असते. पण आत दुमडलं की कडीचा सरळ दांडा मुख्य पट्टीच्या खाली येतो, आणि झेप बसते ती सलग चामड्यावर. रिव्हेटचं काम मग फक्त कडी इकडेतिकडे सरकू न देण्याचं. बाहेर दुमडलं तर तीच कडी वरच्या तुकड्याला उपटत राहते आणि सगळा भार टोकाच्या रिव्हेटवर. तुमचा विकतचा कडीपाशी उसवला, तो याच तऱ्हेचा असणार. गाठीची काळजी असेल तर दुमडलेल्या तुकड्याचं शेवटचं २ सेंटीमीटर टोक रापीने (चामडं तासायच्या सुरीने) तासून पातळ करत न्या. बकलापाशी जिथे वळण येतं तिथे मात्र रापी लावू नका. तिथे धातू घासत असतो, पूर्ण जाडी हवी.

वळणावर काडीसाठी लांबट खाच लागते. तिची दोन्ही टोकं गोल पंचाने पाडा, मग मधलं चामडं सुरीने काढा. सुरीनेच चौकोनी खाच कापलीत तर कोपऱ्यातून चीर सुरू होते. काडी मोकळी हलेल इतकीच रुंदी, ५ मिलिमीटरच्या आसपास.

मोत्याचा_माणूस

हे समजलं. मग पट्टी एकूण किती लांब कापू? ५६ अधिक दुमडायचं अधिक पट्ट्याचं शेपूट (बकलातून पुढे जाणारं टोक), बरोबर?

उभा_आडवा

त्यात जाडीही धरा. चामडं वर्तुळात आलं की आतला घेर कमी होतो. मधल्या रेषेपेक्षा आतला घेर पाय (π, म्हणजे ३.१४) गुणिले जाडीने लहान, म्हणजे ४ मिलिमीटरला साडेबारा मिलिमीटर. पट्टी जमिनीवर ५६ मोजली तर गळ्यात पावणेपंचावन्नच भरते. म्हणून बकलापासून मधल्या भोकापर्यंत ५७ धरा.

दुहेरी थराच्या हट्टात असणाऱ्यांसाठी: ३-३ मिलिमीटरचे दोन थर असतील तर बाहेरचा थर आतल्यापेक्षा जवळजवळ १९ मिलिमीटर लांब लागतो. दोन्ही सपाट ठेवून चिकटवले की गोल केल्यावर आतल्याला सुरकुत्या पडतात, आणि त्या सुरकुत्या नेमक्या मानेला घासतात.

आरीमेण

५७ अधिक दुमडायला ९, मधल्या भोकाच्या पुढे १३. एकूण ७९ सेंटीमीटर. ८५ ची पट्टी घ्या, टोक शेवटी कापता येतं. दुमडलेल्या ९ मध्ये बकल, लगेच पहिली दोन रिव्हेटं, मग शेपूट अडकवायचा लूप, मग कडी आणि शेवटी दुसरी दोन रिव्हेटं.

भोकं पाच, अडीच-अडीच सेंटीमीटरवर. जवळजवळ पाडायचा मोह होतो, पण काडी चामडं पुढच्या भोकाकडे फाडत नेते, मध्ये मांस हवं. भोक गोल पंचाने ठोकून, काडीपेक्षा नावापुरतं मोठं. खिळा किंवा गिरमिट अजिबात नको, तुम्ही सुतार आहात म्हणून मुद्दाम सांगतोय. गिरमिटाने तंतू पिंजतात.

रिव्हेट तांब्याचं भरीव, चकतीवालं. दाबून बसवायची पोकळ टोपीची असतात ती पाकिटाला ठीक. रीत अशी: दांड्याच्या मापाचंच भोक, सैल नको. चपटं रुंद डोकं मानेच्या बाजूला, दांडा बाहेर. वरून चकती सरकवून ती चामड्यावर घट्ट बसेपर्यंत ठोकायची. नळीसारखं हत्यार मिळतं, नाही तर मापाचं भोक पाडलेला लोखंडी तुकडा चालतो. मग उरलेला दांडा चकतीच्या वर दीड-दोन मिलिमीटर ठेवून कटरने छाटायचा, आणि गोल तोंडाच्या हातोडीने हलके हलके, चहूबाजूंनी ठोकत घुमट करायचा. खाली ऐरण किंवा जाड लोखंड हवं. लाकडावर ठोकलंत तर दांडा चकतीच्या खालीच फुगेल आणि डोकं आत धसेल. एक जोरदार घाव घातलात तर दांडा वाकतो. पन्नास छोटे घाव घाला.

एका ओळीत दोनच रिव्हेटं, कडेपासून निदान ८ मिलिमीटर आत.

निवांत

रिव्हेटला माझा विरोध आहे. प्रत्येक रिव्हेट म्हणजे ३८ मधून एक भोक कमी. मी दुमडलेला भाग नुसता शिवतो, ०.८ मिलिमीटरचा मेणवलेला पॉलिस्टर दोरा, ४ मिलिमीटरला एक टाका. सगळे पट्टे रोजच्या वापरात आहेत. शिवाय तांबं ओलं राहिलं की हिरवं होतं आणि पांढऱ्या केसांवर डाग पडतात.

आरीमेण

निवांत, नीट शिवलेलं असेल तर पूर्ण मान्य, खोगीरवाले शिवतातच. पण हे पहिल्यांदाच आरी (चामड्यात भोकं पाडायचा टोचा) हातात घेणार. आरी तिरकी गेली तर मागच्या बाजूचे टाके वाकडेतिकडे आणि कडेला येतात. रिव्हेट चुकलं तर लगेच दिसतं, काढून पुन्हा बसवता येतं. हिरव्या डागाचा मुद्दा खरा आहे. पांढरा कुत्रा असेल तर शिवणच.

शिवायचंच असेल तर टाक्यांच्या ओळी पट्ट्याच्या लांबीला समांतर. आडवी ओळ घालू नका. आडव्या भोकांची रांग म्हणजे तिकिटावर फाडायला पाडलेली भोकंच. कडेपासून ४ मिलिमीटरवर चर पाडून टाके त्या चरात बसवले तर दोरा घासत नाही. दोरा शिवणीच्या चौपट-पाचपट लांब घ्या. शेवटी दोन-तीन टाके उलटे घालून दोरा कापायचा. पॉलिस्टर असेल तर टोक काडेपेटीच्या काडीने वितळवून दाबा.

उभा_आडवा

दोघांचं भांडण मिटवतो. बकलाच्या घडीत दोन पदर आहेत. पट्ट्याच्या एका बाजूला ओढीचा निम्मा भाग येतो, तो दोन पदरांत वाटला जातो. म्हणजे बकलाजवळच्या रिव्हेटांवर किंवा टाक्यांवर एकूण ओढीचा जेमतेम चौथा भाग. सव्वाचारशे-साडेचारशे न्यूटन. दोन भरीव रिव्हेटं किंवा दोन्ही कडांना आठ-दहा टाके, काहीही करा, पुरेल.

लोणकढी

+१. इथे पहिल्यांदाच दोन्ही बाजू बरोबर निघाल्या, धागा वाचनखुणेत टाकतो.

मोत्याचा_माणूस

चामडं आलं, बकल आलं. पट्टी कापली. कडा आणि रंगाचं कुणी सांगेल का? मोत्या तांबूस आहे, काळा पट्टा उठून दिसेल.

आरीमेण

रंग आधी, कडा नंतर. काळा रंग सगळ्यात जास्त सुटतो. कोरडा झाल्यावर सुती फडक्याने घासत राहा, फडकं स्वच्छ निघेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, पण टाळलंत तर पहिल्या पावसात मोत्याच्या गळ्याला काळं कडं. मानेकडची बाजू रंगवूच नका. बुटाचं पॉलिश नको, ते पुसलं जातंच आणि कुत्रं चाटतं.

कडांचे धारदार कोपरे कोपरा-रंधीने चारही बाजूंनी मोडा. तसं हत्यार नसेल तर बारीक पॉलिश पेपर चालेल. मग बोटाने कडेवर जरासं पाणी लावा आणि लाकडाच्या खाचेने किंवा जाड कापडाने भराभर घासा. थोड्या वेळात कड गरम लागते, तंतू चिकटून बसतात, आणि खरखरीत कडेवर काचेसारखी चकाकी येते. हे बघायला मजा येते, सुतारालाही येईल. वरून मधमाश्यांचं मेण चोळून पुन्हा घासा. पाणी जास्त झालं तर कड फुगते, घासून उपयोग नाही, वाळू द्या.

बकलाच्या जागी वाकवण्याआधी तेवढा भाग ओल्या फडक्याने दमट करा. कोरडं वाकवलं तर वरच्या बाजूला तडे जातात.

तेल एकदाच, पातळ. नीट्सफूट (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं तेल) असेल तर उत्तम. पट्टा तेलात बुडवून ठेवा असं सांगणारे भेटतील, त्यांचं ऐकू नका. जास्त तेलाने चामडं लुळं पडतं आणि ताणतं.

शीळ

वापराबद्दल दोन शब्द. भिजला की काढून सावलीत वाळवा. उन्हात किंवा हीटरजवळ ठेवलेलं ओलं चामडं आखडतं आणि कडक होतं, मग तेलानेही पूर्ववत येत नाही. ओला पट्टा गळ्यात तसाच राहिला तर खाली कातडी लाल होते, खाजवून जखम होते. रात्री काढून ठेवला तर दोघांनाही बरं.

आणि हे कुणी बोललं नाही म्हणून सांगते. दोन कुत्रे दंगामस्ती करत असतील तेव्हा असा पट्टा गळ्यात नको. खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, दोघेही घाबरून गिरकी घेतात आणि पट्टा पिळला जातो. प्लास्टिकची चाप अशा वेळी तुटते तरी. तुम्ही करताय तो तुटणार नाही, आणि बकल ताणाखाली हाताने सुटत नाही. पिंजऱ्यात एकटा ठेवतानाही काढा.

मोत्याचा_माणूस

हे खरंच डोक्यात नव्हतं. शेजारच्या कुत्र्याशी रोज धुडगूस चालतो. त्या वेळी काढून ठेवीन.

एक अडचण आली आहे. घडीचा भाग दमट करून शिकंज्यात धरला होता. सोडला तर शिकंज्याच्या दातांच्या जागी निळे-काळे ठिपके. घासून जात नाहीत. बुरशी आहे का?

आरीमेण

बुरशी नाही. झाडाच्या सालीतला कस आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळी शाई होते, जुन्या काळची लिहायची शाई याच रसायनाची. व्हेज टॅन ओलं असताना उघडं लोखंड लावायचं नाही, मध्ये लाकडाची फळी किंवा पितळी पत्रा घालायचा. म्हणूनच लोखंडी बकलही नको म्हणालो होतो, गंजलं की त्याच्याभोवती असाच काळा डाग पसरतो.

लिंबाचा रस कापसाने ठिपक्यांवर लावा, पाच मिनिटं थांबा, साध्या पाण्याने पुसून घ्या. बहुतेक निघतील. पण तुम्ही काळाच रंग देणार आहात ना? मग वरच्या बाजूचे सोडून द्या, फक्त मानेकडचे काढा. रस पूर्ण पुसला गेला आणि चामडं कोरडं झालं की मगच रंग लावा, नाहीतर तेवढी जागा वेगळी उठते.

मोत्याचा_माणूस

निघाले! एक राहिलाय, तो लूपच्या खाली जातो. रिव्हेटं रविवारी ठोकतो. ऐरण नाही, पण जुन्या वजनकाट्याचं २० किलोचं माप आहे, ते चालेल का?

आरीमेण

पळेल. उताणं ठेवा, सपाट तळ वर. आणि आधी दोन टाकाऊ तुकड्यांवर चार-पाच रिव्हेटं ठोकून हात बसवा, मग पट्टीला भोक पाडा.